दहा-चौदाची नोंद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय हिंदुराव निकम साहेब, सत्कारमूर्ती भगवंतभाऊ मढवी, काशीवहिनी, मंचावरील मान्यवर, घरी बसून केबलवर हा कार्यक्रम पाहणारे प्रेक्षक आणि आपापली इंजिनं रुमालात गुंडाळून आणलेले माझे मित्रहो,

भाऊंबद्दल बोलायला मला दहा मिनिटं दिली आहेत. चौदा वर्षांना दहा मिनिटं! दर रविवारी सकाळी दहा वाजता केबलवर ‘छोटी गाडी’ सुरू व्हायची. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक फिटर कॅमेऱ्यासमोर बसून टेबलावरच्या छोट्या आगगाडीसाठी वर्तमानपत्राच्या लगद्याचे डोंगर आणि बोगदे करायला शिकवायचा. आपल्या तिन्ही गावांत किती घरांत त्या लगद्याने मोरीची जाळी तुंबली, हे वहिनींना विचारा. तक्रारीचे फोन त्यांनीच घेतले आहेत.

बदलापूरच्या कीर्ती नावाच्या मुलीने पत्र लिहिलं होतं, ‘आई जेवणाचं टेबल देत नाही.’ भाऊंनी चालू कार्यक्रमात हात जोडले. ‘कीर्तीच्या आई, बुधवारपर्यंत टेबल द्या. बोगदा वाळायचा आहे.’ पुढच्या आठवड्यात त्या बाईंचा फोन आला. ‘टेबल दिलंय. आम्ही खाली बसून जेवतोय. तुम्हीपण या खाली बसायला.’ भाऊ गेले. दोनदा वाढून घेतलं, असं ऐकतो.

कोणी म्हणालं, की हे काय खेळणं घेऊन बसलात, तर भाऊंचं उत्तर ठरलेलं असे. ‘खेळण्याचा कंटाळा आला की ते कपाटात जातं. आमची गाडी उद्या वेळेवर सुटायची आहे.’

वेळेवर म्हणजे खरोखर वेळेवर. आपल्या मंडळात नियम आहे, नव्या सभासदांसाठी सांगतो. गाडी फलाटाला पूर्ण लागली, की वहीत वेळ लिहायची. वेळ लिहिल्याशिवाय पुढच्या गाडीसाठी सांधा बदलायचा नाही. सांधा म्हणजे जिथे एका रुळाचे दोन रूळ होतात ती जागा. आणि दुसरा नियम, गाडी पडली तर कॅमेरा बंद करायचा नाही. वहीच्या ‘कारण’ या रकान्यात जे लिहिलं असेल ते भाऊ प्रेक्षकांना वाचून दाखवणार. ती वही मी लिहितो आणि सांधाही मीच बदलतो. मी कॉलेजात शिकवतो, अक्षर बरं आहे, आणि रोजनिशी लिहायची सवय आहे. माझ्या नोंदीवर कोणी शंका घेतली नाही. घ्यायला हवी होती.

मित्रहो, सहा वर्षांपूर्वीचा आपला थेट कार्यक्रम आठवतो? याच सभागृहात चोवीस फुटांचं टेबल होतं. उल्हास नदीत खरं पाणी होतं. बावीस सांधे आपल्या मंडळातल्या अंजनीताईंनी कॅम्प चार वस्तीतल्या घरच्या वर्कशॉपात पितळेच्या पट्ट्या कानशीने घासून हाताने केलेले. मेल पुलावर आली आणि शेवटचे दोन डबे पुलाच्या टोकाच्या सांध्यावर तिरके झाले. मेल नदीत गेली. भाऊ कॅमेऱ्यासमोर नेहमी आपल्यासारखं बोलतात, पण त्या क्षणी घरची बोली बाहेर आली. ‘गारी परली! परली तं परली, लपवाची कला?’ म्हणजे, लपवायची कशाला? सभागृह हसलं. मग त्यांनी माझी वही उचलली आणि वाचलं, ‘कारण : सांध्यात दोष.’

ते दोन शब्द मी लिहिले होते. ते खोटे होते.

त्या दिवशी वहीचं पान पडद्यावर मोठं करून दाखवणार होते. घाईत अक्षर बिघडू नये म्हणून मी सकाळीच सगळ्या वेळा सुवाच्य अक्षरात लिहून ठेवल्या. मेल आगमन, दहा-चौदा. प्रत्यक्षात भाऊंनी प्रेक्षकांना पूल दाखवायला गाडी मध्येच थांबवून मग सोडली. घड्याळात दहा-चौदा झाले. मी वहीत पाहिलं. वही म्हणत होती की गाडी पोहोचली. मी सांधा बदलला. समोर, हातभर अंतरावर गाडी सांध्यावरून जात होती आणि मी तिच्याऐवजी माझ्या अक्षराकडे पाहत होतो.

अंजनीताई बाजूलाच उभ्या होत्या. पिशवीतून कानस काढून सांधा तपासायला लागल्या. कॅम्प एकच्या चंदरभाईंनी त्यांचे सांधे आपल्या दुकानात विकायला ठेवायचं कबूल केलं होतं. ते म्हणाले, ‘बेटी, टीवी पे गिरा ना. अभी कौन लेगा?’

तेव्हा मी का बोललो नाही? रोजनिशीत मी या प्रश्नाची बरीच उत्तरं लिहिली आहेत. त्यातलं एकही इथे वाचण्यासारखं नाही.

भाऊंना आता चाकाची कडा दिसत नाही, म्हणून ते थांबताहेत. आपल्या जागी कार्यक्रम चालवायला त्यांनी अंजनीताईंचं नाव सुचवलं. मागच्या रविवारी कार्यकारिणीत एक सभासद म्हणाले, ‘जिच्या सांध्यावरनं मेल नदीत गेली, ती लोकांना काय शिकवणार?’ आणि पुरावा म्हणून टेबलावर माझी वही आली. निर्णय आज इथे अध्यक्षांनी द्यायचा ठरला. ती वही बाहेर आली नसती, तर मी आज हे बोललो असतो का? प्रामाणिकपणे सांगतो, मला माहीत नाही.

मंगळवारी भाऊंच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, ‘सा वर्सं पोटान ठेवलास? घे, चाय तरी पी.’ मग भाऊ म्हणाले, ‘तू लिवलंस. पन वाचलं मी. तिला इचारलं बी नाय.’ मी म्हणालो, ‘भाऊ, तुमचा काय दोष?’ तर चिडले. ‘माजा दोष तू नको पुसू. तुजा लिव.’

तिथून कॅम्प चारला गेलो. अंजनीताईंनी ऐकून घेतलं, मशीन बंद केलं आणि हसल्याच.

‘सर, तो सांधा मी तीन वेळा नवीन केला. तीन वेळा! मला वाटायचं, दिसत का नाही साला दोष? आणि तुम्ही दर रविवारी येऊन विचारायचात, अंजनीताई, चहा घेणार?’

मी माफी मागायला लागलो.

‘माफीचं बघू नंतर. टीव्हीवर नाव गेलंय ना? मग टीव्हीवरच बोला. आणि इधर-उधर घुमवू नका, सीधा बोला.’

म्हणून सरळ सांगतो. सांध्यात दोष नव्हता. गाडी सांध्यावर असताना मी, जयदेव तरे याने, सांधा बदलला. जुनी नोंद मी खोडलेली नाही. तिच्याखाली ही नोंद लिहून आजची तारीख घातली आहे. चंदरभाई, तुम्ही तिसऱ्या रांगेत आहात, तुम्हीही ऐकलंत.

भाऊ, तुमच्या निरोपाच्या दिवशी मी स्वतःबद्दलच जास्त बोललो. पण पडलेली गाडी लपवायची नाही, हे ज्यांनी चौदा वर्षं आम्हाला दाखवलं, त्यांच्यासमोर नुसतं गोड बोलून खाली बसणं मला जमलं नसतं. आपण आम्हाला जे दिलंत, त्याबद्दल मंडळ आपलं ऋणी आहे. चॅनेलचे, सभागृहाच्या व्यवस्थापकांचे आणि आपल्या सर्वांचे मनापासून आभार.

वेळ ओलांडली, कोणाचा उल्लेख राहिला, तर सभागृहाने मला सांभाळून घ्यावं. अंजनीताईंकडे मात्र मी माफी अशी जाता जाता मागत नाही. ‘बघू नंतर’ म्हणाल्या आहेत. त्यांना लागेल तेवढा वेळ त्यांनी घ्यावा.

अध्यक्ष महोदय, अंजनीताईंविरुद्धचा पुरावा आता उरलेला नाही. आपण निर्णय द्यावा.