तितर धरलेली मुलगी

एल्वान : पण काका, ह्या फोटोतल्या मुलीचं नाक का तुटलंय?

इज्जत : दोन हजार वर्षं उन्हापावसात काढ, मग तुझं किती शाबूत राहतं ते बघू. नाक सोड, हात बघ. काय धरलंय हातात?

एल्वान : कोंबडी.

इज्जत : कोंबडी म्हणे! शहरातली तुम्ही पोरं. तितर आहे ते, पाळलेलं. पोरगी गेली आणि बापानं थडग्याच्या दगडावर तितरासकट कोरून घेतली. तुझ्याच वयाची असेल.

एल्वान : मग ती आहे कुठं? आम्ही ह्या पडक्या शहरात पार समुद्रातल्या खांबांपर्यंत फिरलो, दिसली नाही.

इज्जत : चोरीला गेली. पस्तीस वर्षं झाली. तेव्हा मी रस विकत नव्हतो, इथला सरकारी पहारेकरी होतो. आता येईल त्याला हा फोटो देतो. कुठल्या संग्रहालयात दिसली तर कळवा म्हणतो. मागे नंबर लिहिलाय.

एल्वान : आमचा बाबा ट्रक घेऊन जर्मनीला जातो! बाबा! ए बाबा, इकडे ये ना!

रिफत : एल्वान, चल. तुनाला पाण्यातून बाहेर काढायचंय. आई एकटी आहे.

एल्वान : आईच म्हणाली, अर्धा तास तोंड दाखवू नका. बाबा, हा फोटो बघ.

रिफत : बघितला.

एल्वान : काळा चष्मा तरी काढ!

इज्जत : राहू दे गं. सुट्टीवर आलेल्या माणसाला म्हाताऱ्याचं रडगाणं कशाला? डाळिंबाचा रस घ्या साहेब, गार आहे.

रिफत : नको.

एल्वान : मला हवाय. काका, हा सकाळपासून असाच करतोय. आईनं हट्ट धरला म्हणून आलो, नाहीतर हा गाडीतून उतरतच नव्हता. आणि मघाशी माझा भाऊ तुना त्या अंजिराच्या झाडामागे पळाला, तर हा केवढ्यांदा ओरडला, तिकडे विहीर आहे म्हणून! आम्ही जाऊन बघितलं. विहीरबिहीर काही नाही.

इज्जत : अंजिरामागे?

एल्वान : हो. नुसती माती.

इज्जत : होती तिथं विहीर. मी तुरुंगातून सुटून आलो, त्या वर्षी बुजवली. ... साहेब, जरा टोपी काढा.

रिफत : आम्हाला उशीर—

इज्जत : टोपी काढ म्हणतो.

(रिफत टोपी काढतो, चष्माही. वाटेत शंभर किलोमीटर त्यानं एकच गोष्ट मनात धरली होती : म्हातारा आतापर्यंत मेला असेल.)

इज्जत : शाबानचा रिफत! कान बापाचेच, सुपाएवढे. अरे गाढवा, तोंड लपवून कुठं निघालास? बस. पोरी, हा एवढासा होता तेव्हापासून माझ्याशी फासे खेळायचा. ह्याच्या बहिणीच्या लग्नात जेवलोय मी.

एल्वान : बाबा, तू ह्या गावचा? तू तर म्हणालास, इथं कधी आलोच नाही.

इज्जत : म्हणू दे. बापाला सुट्टीतही खोटं बोलायची सवय असते. रिफत, तू जर्मनीला जातोस? मग माझं काम झालंच. म्युनिकला मोठं संग्रहालय आहे म्हणे. एकदा आत जाऊन बघशील?

एल्वान : बघेल! बाबा, वचन दे काकांना.

रिफत : ती तिथं नाही.

इज्जत : बघितलंस तू?

रिफत : नाही बघितलं. काका, ती कुठल्याच संग्रहालयात नाही. ती ह्या गावाबाहेर गेलीच नाही.

इज्जत : काय बडबडतोस?

रिफत : त्या संध्याकाळी आपण पाच डाव खेळलो. चार तुम्ही जिंकलात.

इज्जत : तू बुद्दूच होतास खेळात.

रिफत : मुद्दाम हरत होतो. बाप म्हणाला होता, इज्जतला उठू द्यायचं नाही. हरलास तर तो उठणार नाही. आणि तेवढ्यात बाप आणि चुलता गाढव घेऊन आत शिरले.

इज्जत : कशाला?

रिफत : चुन्याला. पंधरा दिवसांवर बहिणीचं लग्न, घर पांढरं करायचं. डोंगरातला दगड फोडताना कंबर मोडते, इथला संगमरवर आयता पडलेला. सगळेच तो भट्टीत भाजून चुना करायचे. तुम्हीही काणाडोळा करायचात.

इज्जत : फुटक्या तुकड्यांवर! तिच्यावर नाही!

रिफत : ती पालथी होती.

इज्जत : ... मीच घालायचो. रोज संध्याकाळी. दव लागू नये म्हणून.

रिफत : पाठ सपाट. बापाला वाटलं फरशीचा तुकडा. भट्टीच्या तोंडाशी उलटली तेव्हा दिसली.

इज्जत : दिसली ना? मग?

रिफत : बाप म्हणाला, आता आपल्याला दिसली, ती दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये. आणि ढकलली.

एल्वान : बाबा, मुलगी जाळलीत तुम्ही?

रिफत : दगड होता गं तो.

इज्जत : हां. आता दगड. सात महिने तुरुंगात मला विचारत होते, कुणाला विकलीस, किती घेतलेस. माझ्या पोराला शाळेत मूर्तीचोराचं कार्टं म्हणायचे. इझ्मीरला गेला तो पुन्हा गावात फिरकला नाही. गावात कुणाकुणाला माहीत होतं?

रिफत : सगळ्यांना.

इज्जत : इमामाला?

रिफत : उरलेला चुना त्यांच्याच भिंतीला लागला.

इज्जत : थूत् तुमच्या गावावर! आणि तू?

रिफत : मी बारा वर्षांचा होतो.

इज्जत : तेराव्या वर्षी काय झालं होतं? तिसाव्या?

रिफत : काही नाही झालं. भित्रा होतो. बाप गेल्यावर सांगू म्हटलं. बाप जाऊन अकरा वर्षं झाली. मग तुम्ही गेल्याची वाट बघत होतो.

इज्जत : हे मात्र खरं बोललास.

रिफत : मी अंताल्याच्या कचेरीत येतो. पोलीस साहेबापुढं सांगतो, सही करून देतो. तुमच्या पोरालाही फोन करतो.

इज्जत : करशीलच. सुटका नाही तुझी. ... लग्नात मी भिंतीला टेकून बसलो होतो. उठलो तर कोटाची पाठ पांढरी. तुझी आई झटकत बसली. झटकताना रडत होती. मला वाटलं, लेक सासरी चाललीय म्हणून.

रिफत : काका...

इज्जत : सगळा चुना निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस मला धरायला आले, तोच कोट घालून गेलो. तो साहेब टेबलावर मुठी आपटत होता, मुलगी कुठंय, मुलगी कुठंय. आणि मी तिलाच पाठीवर घेऊन उभा.

एल्वान : बाबा, तू आता का रडतोस?

इज्जत : रडू दे. ग्लास धर, पोरी. सांडशील.

एल्वान : काका, ती बघा, बसमधून माणसं उतरली. बरोबर मुलं आहेत. फोटो दाखवायचा का त्यांना?

इज्जत : दाखव. पण कुठं पाहिलीत का, असं नको विचारू. नुसती दाखव.