ओट्याचा टवका

इस्रायलमधल्या लोदचा सरकारी दवाखाना, १९८३. आतून नंबर पुकारले जात होते. माझ्यापुढच्या बाकावर दोघं म्हातारी मराठीत बोलत होती.

"हानोखभाऊ, ओटे दुरुस्त करता ना अजून? आमच्या ग्रॅनाइटची कड उडालीय."

"कशानं, सेगुलाबाई?"

"नारळानं."

बावीस!

"इथं नारळ मिळायची मारामार, आणि मिळाला की ओट्यावर आपटायचा?"

"मलिद्याचे पोहे भिजले होते, माणसं जमली होती. दानी सकाळी फौजेत जाणार, म्हणून देवाला मलिदा. त्यानंच घाईत फोडला. मी सगळ्यांदेखत ओरडले, नवा ओटा, डोळे फुटले काय तुझे?"

"आई ओरडणारच."

"तो हसला. म्हणाला, रजेवर आलो की मीच बसवतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस."

तेवीस!

"लेबनॉनच्या लढाईतच ना तो..."

"येत्या गुरुवारी वर्ष होईल."

"मग बाई, राहू द्या टवका तसाच."

"नको. बसवायचं म्हणाला होता. हा बघा, तुकडा जपून ठेवलाय."

"आणा इकडे. कोपरा शाबूत आहे. बसेल."

चोवीस!

"तुमचा नंबर, सेगुलाबाई."

"जाऊ दे पुढच्याला. सांधा दिसेल का हो?"

"काळ्या दगडात दगडाचीच पूड भरीन. डोळ्यांना दिसायचा नाही. हात फिरवलात तर मात्र लागेल."

"लागू दे. हाताला लागू दे."