दम्यासकट

बोईसरच्या दवाखान्यात मेघाली कीर्तीला मांडीवर घेऊन बसली होती. मस्कतला नवऱ्याची नोकरी पक्की झाली होती. लेकीच्या विम्याचा हातातला फॉर्म भरून झाला होता, फक्त ‘आधीचे आजार’ हा रकाना कोरा होता. कीर्तीचा दमा लिहिला आणि नाकारलं तर?

शेजारी मुरबे गावची एक बाई आणि कतारला निघालेला तिचा मुलगा बसले होते.

“कुशल, इम्याच्या कागदात दमा लिवलास?”

“लिहिला.”

“येडा हायस! ताईचं लगीन जमवताना तिचा दमा कोणाला कळू दिला आमी?”

“आणि होमाच्या धुरानं तिला धाप लागली तेव्हा?”

“सासूनंच आपला पंप काढून दिला. तिनंपण लपवलेला.”

“विमा कंपनी सासू नाय गं, आई. लपवलं आणि तिकडं अ‍ॅडमिट झालो, तर कोण बघणार?”

“मग नाय म्हणले ना तुला?”

“सकाळीच मेल आला. घेतलं.”

“दम्यासकट?”

“दम्यासकट. पंपसुद्धा तेच देणार.”

“अरे देवा! मग माझे गुडघेपण लिवायचे होतेस!”

“दादा,” मेघाली म्हणाली, “जरा पेन देता?”