सरायनं सोताले जास्त मार्क देले

काकू, सरायचे पाव्हने, अन् मंडळी. सरायच्या शोकसभेले एवढी मानसं जमतील असं वाटलं नव्हतं. मी हिवरखेडची सुनंदा. आता अमरावतीले सरकारी नोकरीत हाय.

इंगळे सरायचं अकोटातलं कॉम्प्युटर सेंटर तुमी पाह्यलंच. सीपीयूचा डब्बा एक, त्याले स्क्रीन चार. तीनवर आमी फारम भरनारे. चौथ्यावर सर सोता, जुन्या पानायचे फोटो उघडून वऱ्हाडी शब्दकोश टाइप करत. मेमरी मात्र साऱ्यायची एकच. अन् आमी एकेक जन तीस-तीस टॅब उघडून बसत होतो.

एकदा मी इचारलं, "सर, मेमरी संपली तं काय होते?"

"लग्नाच्या पंगतीवानी होते," सर म्हनाले. "मशीन साऱ्यायले आवतन देते. तिले वाटते, सारे काई एकदम जेवाले येत नाईत. अन् आले एकदम, तं काईंले बाहेर वसरीत बसवते, म्हनजे हार्डडिस्कवर. मंग सारं काम रांगाले लागते. तरी नाई भागलं, तं एकाले ताटावरून उठवते, म्हनजे त्याचं काम बंदच करते."

"कोनाले?"

"ज्यानं जास्त खाल्लं त्याले. हरेकाले मार्क देते. ज्याले जास्त मार्क, तो मरते."

पयला आला तो मेला. अशी परीक्षा दुसरी हाय का, मंडळी?

मंग तो दिवस आला. माह्या नोकरीच्या फारमाची शेवटची तारीख. पुढच्या वर्षी मी वयात बसत नव्हती. भर दुपारी सारं थिजलं. माऊस हालेना. त्यातच बाजूच्या बाईनं मेंदीचे डिझाइन उघडले. मी रडकुंडीले आली. अन् एकाएकी सरायचा स्क्रीन साफ झाला, माह्या फारमाची पावती आली.

मी म्हतलं, "सर, खाल्लं आमी, अन् उठवलं तुमाले. काहून?"

"म्या माह्या कामाले सगळ्यात जास्त मार्क देऊन ठेवले," सर म्हनाले. "आकडा हातानं टाकता येते. फारमवाल्याले हात लावाचा नाई."

"मंग तुमचं टाइप केलेलं?"

"सेव्ह कराले सवड कुठं देली तुमी? सकायपासून, सर हे पाहा, सर ते पाहा. आता तरी ते टॅब बंद कर."

त्या दिवशी 'झ'चे सारे शब्द गेले. सर म्हनत, फारमाचा सिझन संपला की पुन्हा टाइप करतो. सिझन काई संपला नाई. सर गेले. मले लय वाईट वाटते, मंडळी. माह्या नोकरीपायी त्यायचा कोश अधुरा राह्यला.

काकूनं काल फाइल मले देली. 'ज' झाला की थेट 'ट'. जुन्या पानायवरचा 'झ' मी टाइप करून राहिली, पन सर आपल्या डोक्यातले टाकत, तेवढे शब्द मले कुठले ठाऊक?

तवा आता उभे राहा. दोन मिनिटं कोनी बोलू नका. सरायले आठवा, अन् 'झ'चा एक वऱ्हाडी शब्द आठवा. दाराजवळ वही ठेवली हाय, तिच्यात लिहून जा. ज्याले आठवला नाई, त्यानं बाहेर जाऊन आपल्या मायले फोन लावा.

सर, जय भीम.