सुरुवात पहिल्या भागापासून

सासूबाई : ते काही नाही. पहिल्या भागापासून म्हणजे पहिल्या भागापासूनच. मधल्या स्टॉपवर चढून खिडकी मागणारे लोक मला नोकरीत असतानाही आवडले नाहीत.

सून : आई, ही काही टीव्हीवरची मालिका नाही हो, पहिला भाग चुकला तर कोण कुणाचा काका ते कळणार नाही अशी. मारामारीचा गेम आहे. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांना बदडतात. संपलं.

सासूबाई : मग सहा-सहा भाग कशाला काढलेत?

सून : दर भागात मारायची तऱ्हा बदलते. नवीन माणसाने सहाव्यापासून सुरू करावं. त्यात शिकवणी आहे. कुठलं बटण कधी दाबायचं ते तो सांगतो, चुकलं तर परत दाखवतो. शिवाय सोपी बटणं ठेवता येतात. एक दाबलं की चार फटके आपोआप.

सासूबाई : आपोआप? मग मी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?

सून : तुमचं मनगट आत्ता कुठे प्लास्टरमधून बाहेर आलंय. बोटं हलती ठेवा, एवढंच सांगितलंय ना फिजिओबाईंनी?

सासूबाई : त्या बाईने दिलेला रबरी चेंडू दाबून दाबून मला त्या चेंडूचीच कीव यायला लागली. म्हणून तर माळ्यावरून तुझ्या भावाचं हे गेमचं खोकं काढायला लावलं. पहिल्या भागात एवढं काय वाईट आहे?

सून : त्यात कुणी काही शिकवत नाही. मार खायचा, आणि तो कशामुळे बसला ते आपलं आपण शोधायचं.

सासूबाई : अगं, मग संसारात आणि त्यात फरक काय? लाव की!

सून : सहावा लावते. या एका बाबतीत ऐका माझं.

सासूबाई : बरं बाई, सहावा. हा दांडा छान आहे, ड्रायव्हरच्या गिअरसारखा. आणि तुला गं एवढं कसं माहीत?

सून : भाऊ खेळायचा. मी शेजारी बसून बघायचे.

सासूबाई : हं. मला तो जाड्या दे. गर्दीच्या बसमध्ये असंच पाय रोवून उभं राहावं लागतं. तू ती छडीवाली घे. तुझा फोन थरथरतोय बघ.

सून : असू दे. चला, सुरू.

सासूबाई : हे घे! हे घे! पडली! बघ, पडली तुझी छडीवाली! लागोपाठ तिसऱ्यांदा!

सून : वा, आई! तुमच्या तर हातातच आहे.

सासूबाई : थांब. तुझा उजवा हात बटणांवर ठेव.

सून : का हो?

सासूबाई : ठेव म्हणते ना. आता मी उडी मारते. बघ! मी उडी मारली की तुझं बोट त्या कोपऱ्यातल्या बटणापर्यंत जातं आणि पोळल्यासारखं मागे येतं. मघापासून बघतेय. दर वेळी.

सून : चुकून होत असेल.

सासूबाई : मी उभा जन्म कंडक्टरकी केली. पास दाखवा म्हटलं की ज्याच्याकडे पास नाही तो सगळे खिसे चाचपतो, पिशवी उलटी करतो, कपाळावर हात मारून घेतो. तुझा चेहरा आत्ता तस्सा झालाय. तुला मारता येत होतं. तू मारलं नाहीस. हे खोकं कुणाचं?

सून : भावाचं.

सासूबाई : या दांड्याच्या गोळ्याला नेलपॉलिश लागलंय. तुझा भाऊ नेलपॉलिश लावतो?

सून : माझं आहे.

सासूबाई : मोठ्याने.

सून : माझं आहे. मी स्पर्धा खेळायचे. आमची तिघींची टीम होती. चांगली होती. लोक आमचं नाव पुकारलं की उठून उभे राहायचे.

सासूबाई : मग भावाच्या नावावर का खपवलंस?

सून : लग्न ठरलं तेव्हा तुमचा मुलगाच म्हणाला, बाईमाणसाने असली हाणामारी केलेली आईला चालणार नाही. भावाचं आहे म्हणून सांग.

सासूबाई : मला चालणार नाही? मला? चालत्या बसमध्ये पाकीटमाराची कॉलर धरलीय मी! विचारलं होतं मला कुणी? माझ्या नावावर बिल फाडलं आणि मोकळे झालात दोघं.

सून : मला वाटलं, कशाला वाद घालायचा.

सासूबाई : हे 'कशाला वाद' तुला आणखी कुठे कुठे वाटलं?

सून : म्हणजे?

सासूबाई : हॉलचे पडदे. तू निळे म्हणत होतीस, मी मातकट. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, तुमचंच बरोबर आहे आई, मातकटच उठून दिसतात.

सून : भयंकर दिसतात, आई.

सासूबाई : आणि पॅसेजमधलं कपाट?

सून : रोज गुडघा आपटतो माझा त्यावर.

सासूबाई : तुझी ती बढती? दुसऱ्या शाखेतली? मी नुसतं म्हटलं, लांब पडेल. लगेच नको म्हणून आलीस. तेव्हाही बोट मागे घेतलंस?

सून : तेव्हाही.

सासूबाई : आणि मी अख्ख्या बिल्डिंगला सांगत फिरले, आमचं कडाक्याचं वाजतं, पण शेवटी माझ्या सुनेला माझं पटतं! चार वर्षं मी एकटीच भांडत होते तर. वाईट वाटलं गं मला. लहान पोराला खेळात जिंकू देतात तसं माझं करत आलीस.

सून : आई, मी मान ठेवायचा म्हणून...

सासूबाई : हा असला मान नको मला. त्यापेक्षा तो रबरी चेंडू बरा. दाबला की उलट दाबतो तरी. पहिला भाग लाव.

सून : पहिल्यात तुम्ही दहा सेकंद टिकणार नाही.

सासूबाई : आता कशी बोललीस! लाव. आणि हात राखून खेळलीस तर हा दांडा उपटून ठेवीन.

सून : बसा नीट. सुरू.

सासूबाई : अगं! अगं, मी अजून हललेसुद्धा नाही!

सून : म्हणूनच बसला.

सासूबाई : परत. आई गं! हे काय होतं?

सून : तुम्ही उडी मारलीत. मी खाली बसून वरच्या वर झोडलं.

सासूबाई : परत! अगं, पुन्हा तेच?

सून : पुन्हा उडी मारलीत. तुम्ही दर वेळी उडीच मारता, आई. बोलतानासुद्धा. समोरच्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत अंगावर येता.

सासूबाई : फारच तोंड फुटलं की तुला.

सून : तुम्हीच फोडलंत.

सासूबाई : तो फोन कुणाचा आहे सारखा?

सून : टीममधली आहे. दातांची डॉक्टर. शनिवारी स्पर्धा आहे आणि त्यांची तिसरी खेळाडू ऐन वेळी गळाली. संध्याकाळपर्यंत माझ्यासाठी जागा धरून ठेवलीय. जमणार नाही म्हणून कळवायचंय मला.

सासूबाई : का जमणार नाही?

सून : शनिवारी ताई येताहेत ना, सासरची सगळी मंडळी घेऊन.

(कुलपात किल्ली फिरते. मुलगा आत येतो.)

मुलगा : अरे वा! टीव्हीपुढे दोघी? आणि हे काय, याला कुणी हात लावला?

सासूबाई : कुणाचं आहे रे हे?

मुलगा : तिच्या भावाचं ना?

सासूबाई : बूट काढ आणि तिथे बस. तुझा नंबर नंतर. हां, सूनबाई, आता तू. शनिवारी तू स्पर्धेला जायचंस.

सून : बरं, आई.

सासूबाई : बघ! परत तेच! मी जा म्हटलं की जाणार, थांब म्हटलं की थांबणार. मग जिंकलं कोण? पुन्हा मीच!

मुलगा : कसली स्पर्धा?

सासूबाई : तू गप. मी ते 'जा' मागे घेते. माझ्या मनात काय आहे ते सांगते, ऐक. लेक माझी वर्षातून एकदा येते. तिच्या सासरच्यांपुढे घर भरलेलं दिसावं असं मला वाटतं. सून कुठाय, असं कुणी विचारलं तर मारामारी खेळायला गेलीय म्हणताना माझी जीभ अडखळेल. कंडक्टरकी केली म्हणून काही मी लोकांना भीत नाही असं नाही. आणि एवढ्या माणसांचं रांधणं या मनगटाने मला झेपणार नाही. तू गेलीस तर मला राग येईल. नाटकातला नाही, खरा. तू घरीच थांब.

मुलगा : आईचं बरोबर आहे. खेळाचं काय, नंतर कधीतरी...

सून : नाही.

सासूबाई : काय?

सून : नाही, आई. मी जाणार.

सासूबाई : आणि स्वयंपाक?

सून : तुमचा मुलगा करेल.

मुलगा : मी? अगं, एवढ्या माणसांचा? मला कुठे येतो?

सून : मार खा, आणि कशामुळे बसला ते तुझं तू शोध. आणि खोकं भावाचं नाही, माझं आहे, हेही ताईंना तूच सांग. आईंचं नाव पुढे करू नकोस.

मुलगा : आई, तू काही बोलणार आहेस की नाही?

सासूबाई : बोलते ना. मला राग आलाय हं.

सून : दिसतोय.

सासूबाई : जेवताना मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही.

सून : नका बोलू. मी फोन करून येते. मग परत खेळू.

सासूबाई : ये. पहिलाच भाग लावायचा. आणि एक सांगून ठेवते, पडदे मातकटच राहणार.

सून : बघू.