आईच्या जागी

(हे झालं एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या वसंतात, कोरियातल्या तेगू शहराच्या कापडबाजारात. ओकबुन तिथं लग्नाचे पोशाख शिवायची. माल्जा तिची धाकटी बहीण. मिरान ही ओकबुनची एकुलती एक मुलगी, तिचं लग्न ठरत होतं.)

माल्जा : ...आणि विहिणीनं स्वतःच्या हातानं मला मासा वाढला, ताई! काटे काढून! मी तर लाजून अर्धी झाले.

ओकबुन : तू? लाजलीस?

माल्जा : बरं, नाही लाजले. पण सगळं खाल्लं. एवढ्या वाट्या होत्या की माझा हात कुठं ठेवू कळेना. तुझ्या जागी बसले होते ना, तुझ्या वाटचं सोडायचं कशाला?

ओकबुन : काय म्हणून हाक मारत होते तुला?

माल्जा : 'मिरानची आई.' दर वेळी मी मागं वळून बघायचे, तू आलीस की काय म्हणून.

ओकबुन : पोर जेवली?

माल्जा : कुठलं! भातात खड्डे करत बसली होती. ...ताई, डोळ्याची पट्टी सुटलीय तुझी.

ओकबुन : सुटू दे. मलम घालायचंच आहे. पापणी मिटत नाही तर पट्टी तरी किती धरणार? पुढं बोल.

माल्जा : पुढं... पुढं एक घोटाळा झालाय. रागावू नकोस. विहीण म्हणाली, दोन्ही आयांचे पोशाख एकाच हातचे असावेत. तर मी म्हटलं, माझी बहीणच शिवते, अख्ख्या बाजारात असा हात नाही.

ओकबुन : म्हटलंस?

माल्जा : तोंडातून गेलं! तुझ्या कौतुकातच गेलं ना! गुरुवारी येतेय मापं द्यायला. मी येऊन बसते हवं तर.

ओकबुन : तू अजिबात येऊ नकोस. मी मास्क लावीन. सर्दी झालीय म्हणेन.

माल्जा : आणि लग्नात? दोन्ही आया पुढं जाऊन मेणबत्त्या लावतात, तिथं पण मीच चालत जायचं? आपल्या नात्यातले काय आंधळे आहेत?

ओकबुन : त्यांना सांगेन मी. बोलणार नाहीत.

माल्जा : सगळं तूच ओढवून घेतलंस बघ. 'मी येत नाही' म्हणालीस. मिरान बिचारी...

ओकबुन : मी तसं म्हणाले, त्याच्या आदल्या दिवशी मिरान तुझ्याकडे आली होती.

माल्जा : ...माझ्याकडे?

ओकबुन : तुझं स्वयंपाकघर आणि माझी खोली, मधे फळी आहे, माल्जा. ऑपरेशनात माझा एक कान गेला. दुसरा चांगला आहे.

माल्जा : किती ऐकलंस?

ओकबुन : 'मावशी, त्यांच्यासमोर आईच्या तोंडातून सूप गळलं तर मी कुठं बघू?' एवढंच.

माल्जा : अगं, पोर आहे ती. रडत होती.

ओकबुन : खोटं काय बोलली? गळतंच. वर्ष होऊन गेलं. रोज आरशासमोर तोंडं वाकडी करते, हातानं गाल वर ओढते, आठवड्यातून दोनदा सुया टोचून घेते. डावी बाजू जशीच्या तशी. मलाच माझी लाज वाटते, तिला वाटली तर बिघडलं कुठं? म्हणून मीच आधी म्हटलं, मी येत नाही. तिला मला तोंडावर सांगावं लागू नये.

माल्जा : तिला सांगू का, तुला ठाऊक आहे म्हणून?

ओकबुन : मी मेले तरी नाही.

(गुरुवारी. नवऱ्या मुलाची आई बोंगिम आन्दोंग गावाहून आली आहे.)

बोंगिम : हळू हो, बाई. श्वास घ्यायला जागा ठेवा. मी जेवणारी बाई आहे.

ओकबुन : हात वर करा. ...तुम्हाला निळा आणि नवरीच्या आईला गुलाबी. निळ्यात तुम्ही बारीक दिसाल.

बोंगिम : सगळे शिंपी असंच म्हणतात. सर्दी फार झालीय का? बोलणं नीट कळत नाही मला.

ओकबुन : हो. आठ दिवस झाले.

बोंगिम : बहीण तुमची मोठी बोलकी हो. जेवली पण मनापासून. फक्त पोरीची जन्मवेळ विचारली तर आधी म्हणाली सकाळ, मग म्हणाली दुपार असेल. आता पत्रिका बघणाऱ्याला मी काय देऊ? 'दुपार असेल' अशी?

ओकबुन : पहाटे चार वाजून दहा मिनिटं. पायाळू आली. बर्फ पडत होता. दाईला यायला उशीर झाला, तिचे हात एवढे गार होते की...

बोंगिम : की?

ओकबुन : ...म्हणजे, मी तिथं जवळच होते.

बोंगिम : हो. आईला जवळ असावंच लागतं.

ओकबुन : कंबरेचं माप राहिलंय.

बोंगिम : टेप खाली ठेवा, विहीणबाई. आणि तो मास्क काढा.

ओकबुन : बघवणार नाही तुम्हाला.

बोंगिम : ते मला ठरवू दे.

ओकबुन : ...घ्या. बघा.

बोंगिम : अर्धांगाचा झटका?

ओकबुन : नाही. डोक्यात गाठ होती, कानाच्या नसेवर. डॉक्टरांनी काढली. त्यात चेहऱ्याची नस दुखावली. जीव राहिला, हे राहिलं नाही.

बोंगिम : म्हणजे परवा मी वाकून वाकून नमस्कार केले, ते मावशीला?

ओकबुन : हो.

बोंगिम : चार वेळा! या गुडघ्यांनी! आणि मासा निवडून दिला तो वेगळाच!

ओकबुन : चुकलं आमचं.

बोंगिम : चुकलं? आमच्या घरात एकमेकांना न सांगता कोंबडी विकत नाहीत, आणि तुम्ही मला आई बदलून दिलीत! पोरीला होईल का हे? सरळ विचारते. उद्या नातवंडांना?

ओकबुन : डॉक्टर म्हणाले, नाही. लिहून आणून देते.

बोंगिम : हवंच आहे मला लिहून.

ओकबुन : आणते. ...लग्न मोडू नका. पोरीचा काही दोष नाही यात.

बोंगिम : ही बुद्धी कुणाची मग?

ओकबुन : माझी. मिरान तर पाया पडत होती. आई, तूच चल, दुसरं कुणी नको, म्हणून. मीच ऐकलं नाही.

बोंगिम : पाया पडत होती?

ओकबुन : रडत होती.

बोंगिम : हं. ...मग ऐका. मेणबत्त्या दोन आयांनी लावायच्या असतात. मी मावशीबरोबर चालणार नाही. तुम्ही या, नाहीतर मी एकटी जाऊन दोन्ही लावते आणि लोकांना काय समजायचं ते समजू दे.

ओकबुन : सगळे बघतील हो.

बोंगिम : मी बघतेच आहे ना? जड जातं, खोटं कशाला सांगू? नवरीकडचे उजवीकडून चालतात. म्हणजे तुमची ही डावी बाजू माझ्याकडे येईल. आणि मी ही अशी रुंद. आमच्याकडच्यांना तुम्ही दिसायच्याच नाहीत.

ओकबुन : आणि मेणबत्त्या लावून वळल्यावर?

बोंगिम : वळल्यावर नमस्कार. मान खाली.

ओकबुन : आणि मान वर केल्यावर?

बोंगिम : ...मग दिसणारच. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

ओकबुन : मला फुंकता येत नाही. वारा डाव्या बाजूनं निसटतो. काडी विझवायची म्हटली तर...

बोंगिम : माझ्याकडे द्या. दोन्ही मी विझवीन. आता माप घ्या पुढं. आणि कंबर खरी लिहा.

(एकतीस वर्षांनी. म्हाताऱ्यांच्या इस्पितळात सून सासूला लापशी भरवते आहे.)

मिरान : अजून एक घास, सासूबाई.

बोंगिम : नको. चव नाही त्याला. तुझ्या मावशीला द्यायला हवी होती ही लापशी. तिनं हीसुद्धा मनापासून खाल्ली असती.

मिरान : मावशी शेवटपर्यंत तस्सं जेवली. पुसानला धाकट्या मुलाकडे राहायची. प्रत्येक लग्नात सांगायची, मी एक दिवस नवरीची आई झाले होते म्हणून. गेली त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा नूडल्स मागवल्या होत्या.

बोंगिम : आणि तुझी आई जाऊन दहा वर्षं झाली. चांगली बाई. माझा निळा पोशाख अजून आहे. कंबर तिनं खरीच लिहिली होती. ...तू तिच्या पाया पडत होतीस, तरी ऐकलं नाही म्हणाली.

मिरान : कोण म्हणालं?

बोंगिम : तीच. दुकानात. 'मिरान रडत होती, आई, तूच चल म्हणून.'

मिरान : ...असं म्हणाली?

बोंगिम : का? नव्हतीस?

मिरान : मी मावशीच्या पाया पडत होते, सासूबाई. आईला आणायला लागू नये म्हणून.

बोंगिम : वाटलंच होतं मला. ते वाक्य फार भरभर बोलली होती. एरवी तिला एक शब्द काढायला वेळ लागायचा.

मिरान : म्हणजे तिला ठाऊक होतं. मला वाटायचं, तिचं तीच 'येत नाही' म्हणाली. सुटले असं वाटलं होतं मला. लग्नाच्या दिवशी ती तुमच्याबरोबर आत आली, तेव्हा मी पडद्यामागून आधी लोकांची तोंडं बघितली. तिच्याकडे बघितलंच नाही.

बोंगिम : लग्नानंतर ती तुम्हा दोघांकडेच राहिली, एवढी वर्षं एका घरात. कधी बोलली नाही?

मिरान : तीही नाही. मावशीही नाही.

बोंगिम : पण नंतर बरी हसायची की. फोटोत आहे.

मिरान : लग्नानंतरच्या वर्षी सोलला दुसरं ऑपरेशन केलं ना. जिभेची नस घेऊन गालाला जोडली. जीभ दातावर दाबली की डावा ओठ वर जायचा. नाही दाबली तर नाही. शिकायलाच सहा महिने गेले, आरशासमोर.

बोंगिम : म्हणजे आपोआप येत नसे?

मिरान : त्या बाजूला कधीच नाही. मी कामावरून आले, की दारात उभी असायची. माझे बूट निघेपर्यंत थांबायची, आणि मी मान वर केली की हसायची. दोन्ही बाजूंनी. रोज.