त्रेसष्ट तुकडे

थांबा साहेब, पुन्हा नका लावू ते. एकदा ऐकवलंत तेवढं पुरे. माझंच वाजवणं आहे, मला पाठ आहे — आणि तुमच्या फोनवर ते असं डब्यात कोंबल्यासारखं वाजतंय की माझी मलाच लाज वाटते. तुम्ही कंपनीकडनं हात बघायला आलात ना? मग आधी हात बघा. या, खिडकीपाशी या, इथं उजेड आहे. हा डावा. करंगळी — नाहीच. तिच्या शेजारचं बोट — मुळाकडचं एक पेर उरलंय. बाकी दोन बोटं आणि अंगठा शाबूत. अहो, धरून बघा, चावत नाही. तुमच्या फॉर्मवरच लिहिलंय ना, प्रत्यक्ष पाहणी — मघाशी उलट्या बाजूनं वाचलं मी. सोळा वर्षं खोक्यांवरची छपाई उलटी-सुलटी वाचत आलेय, सवय आहे.

तर मोठ्या साहेबांचं म्हणणं काय — की जो हात सव्वातीन मिनिटं न थांबता गिटार वाजवतो, तो हात पंचिंग मशीनमध्ये पुठ्ठे लावू शकतो. म्हणजे स्टोअरमधलं माझं हलकं काम बंद, आणि सोमवारपासून परत त्याच मशीनवर. बरोबर? मान हलवताना तोंड कशाला पाडता, तुमची काय चूक त्यात. चूक असलीच तर माझ्या भाचीची. तिनंच ते रेकॉर्डिंग सगळ्यांनी ऐकावं म्हणून टाकलं, आणि खाली लिहिलं — माझी मावशी, दोन बोटं गेल्यानंतर. अभिमानानं लिहिलं हो पोरीनं. तिला काय कल्पना की कंपनीच्या ऑफिसात बसून माणसं गाणी ऐकतात.

पण साहेब, ते न थांबता वाजवलेलं नाहीये. हेच तर सांगतेय मघापासून. बसा, तुम्हाला दाखवतेच. ही गिटार — बाविसाव्या वर्षी घेतली, चोविसाव्या वर्षी कपाटावर चढली. पाळीचं काम, आणि भिंती अशा की शेजारी शिंकले तरी आपण दचकावं. ही विजेवरची, नुसती वाजवली तर डासाएवढा आवाज, आणि स्पीकरला लावली की सगळा जिना दारात. म्हणून राहिली ती वर. मग हे हाताचं झालं. डॉक्टरनी रबरी चेंडू दिला, म्हणाले, दाबत बसा. आठवडाभर दाबला — काय सांगू, इतकं कंटाळवाणं काम मशीनवर पण नव्हतं. मग स्टूल घेऊन चढले आणि हिला खाली काढलं. आणि भाचीनं ही पेटी आणून दिली. हीच ती, साबणाच्या वडीएवढी. या भोकात गिटारची वायर, या बाजूनं फोन, इथं हेडफोन. कानात अख्खं स्टेज आणि घरात चिडीचूप. ही फिरवायची कळ, हा दिवा लाल झाला की समजायचं, आवाज जास्त चाललाय. झालं, एवढंच. नाही, एवढंच कसलं — पहिले चार दिवस मी वाजवत होते, मला कानात झकास ऐकू येत होतं, आणि फोनमध्ये उघडून बघते तर गिटारचा पत्ता नाही. पंखा, शेजारच्यांचं भांडण, आणि चुकल्यावर मी मलाच दिलेल्या शिव्या — एवढंच उतरलेलं. पेटी आहे हे फोनला सांगायचं असतं, ते मी सांगितलंच नव्हतं, तो बिचारा आपल्याच माइकनं खोली ऐकत बसलेला. हसा, हसा. भाची तर जमिनीवर लोळली होती.

आता हे बघा, फोनकडे बघा. या रंगीत पट्ट्या दिसतायत? प्रत्येक पट्टी म्हणजे एकदा वाजवलेला तुकडा. मोजा. राहू द्या, मी सांगते — त्रेसष्ट. दोन महिने लागले. ही पहिली, सहा सेकंदांची, हिला नऊ दिवस. नऊ दिवस, साहेब. कारण ज्या बोटानं पलीकडची तार दाबायची ते बोटच नाही, आणि मेंदूला ते कळत नाही, तो तिकडं हुकूम सोडतच राहतो. करंगळी दुखते माझी, सांगितलं तर खोटं वाटेल, नाहीये तरी दुखते. मग मी काय केलं — खालचे सूर आधी वाजवले, दोन बोटांनी. ते ठेवले. मग तेच कानात लावून वरचे सूर वाजवले, परत त्याच दोन बोटांनी, दुसऱ्या पट्टीवर. दोन्ही एकदम सुरू केल्या की ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय हात आहे. हात नाही तो. तोच हात दोनदा आहे. चुकलं की पुसायचं, परत वाजवायचं. चाळीस वेळा पुसलंय मी एकेका तुकड्याला.

आणि मशीनवर? मशीनवर कुठनं आणणार दुसरी पट्टी? पुठ्ठा एकदाच आत सरकतो, जबडा एकदाच मिटतो. तिथं मेंदूनं नसलेल्या बोटाला हुकूम सोडला आणि पुठ्ठा वाकडा बसला, की तो सरळ करायला दुसरा हात आपोआप आत जातो — बघा, आता नुसतं बोलतानाही गेला. मला भीती वाटते साहेब. स्टोअरमध्ये मोजणी करताना पलीकडून ते मशीन सुरू झालं की मी मोजलेलं विसरते. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. लिहा हवं तर.

पटलं ना? पटलं. तुमच्या चेहऱ्यावरच दिसलं. चांगले आहात तुम्ही, खरंच सांगते, मागच्या वेळचे साहेब उंबऱ्यातनंच सही घेऊन गेले होते. हं, बोला ना — काय लिहू? की हे... हे मी वाजवलेलं नाही. भाचीनं वाजवलं, कौतुकानं माझं नाव लावलं. एवढं लिहून सही केली की मोठे साहेब गप्प, फॉर्मवर तुमची हलक्या कामाची खूण, आणि मी स्टोअरमध्ये. माझ्या भल्यासाठीच म्हणताय, कळतंय मला. दोन ओळींचं तर काम. पेन द्या.

भाचीला गिटार कुठनं धरायची तेही माहीत नाही, साहेब. तिनं आयुष्यात वाजवली ती फक्त दारावरची बेल. म्हणजे तिच्याबद्दल तक्रार नाही, गुणी आहे पोर — पण हे तिचं कसं म्हणू? तो नऊ दिवसांचा पहिला तुकडा तिचा? मी म्हटलं जोडलंय, म्हटलं पुसून-पुसून केलंय, ते खरंच आहे, पण म्हणून ते माझं नाही असं कुठं म्हटलं मी? गोधडी शिवणारीला कुणी म्हणतं का, तुकडे आहेत, तुझी नाही? आणि सगळं जोडलेलंही नाहीये. शेवटची चाळीस सेकंदं बघा, इथं, ही लांब पट्टी — हिच्यात कापाकापी नाही. हिच्याजोडीला दुसरी पट्टी नाही. एका दमात वाजवलीय, याच दोन बोटांनी, एका रविवारी सकाळी, चहा गार होऊन साय धरली तरी उठले नाही. आणि ते वाजल्यावर मी रडले. सोळा वर्षांत कारखान्यात नाही रडले, दवाखान्यात नाही रडले, इथं या खुर्चीत रडले. हेच मोठ्या साहेबांना हवंय ना? घ्या. एका दमात वाजवणारा हात आहे म्हणून सांगा त्यांना. मघाशी झाकायला निघाले होते ते आता मीच सांगून बसले. असू दे, सांगितलं ते बरंच झालं.

कारण एकदा दिलंय मी लिहून. तुमच्या फाईलमध्ये सगळ्यात वर असेल तो कागद — माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. वाचलाय ना? तुम्ही तेव्हा नव्हतात, म्हणून सांगते. त्या मशीनला पुढनं जाळी असते, ती खाली आल्याशिवाय जबडा मिटत नाही, आणि प्रत्येक पुठ्ठ्याला त्यात चार सेकंद जातात. आमचा सुपरवायजर — आम्ही त्याला चलाचला म्हणतो, कारण तोंडात दुसरा शब्दच नाही — त्याला ती चार सेकंदं सलत होती. जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवली. मी दोनदा म्हटलं, बसवा हो ती. चला, चला, म्हणाला. तिसऱ्यांदा नाही म्हटलं मी, त्याचं मला अजून वाईट वाटतं. आणि दवाखान्यात तिसऱ्या दिवशी कागद आला, म्हणाले, सही करा, नोकरी राहील, नाहीतर आम्हाला हात झटकावे लागतील. हात झटकावे लागतील म्हणाले, माझा हा असा बांधलेला असताना. मी केली सही. उजवा चालत होता ना.

तर एक खोटं कंपनीला देऊन झालंय माझं. दुसरं मिळणार नाही. पहिल्यात बोटं गेली ती माझ्या चुकीनं गेली असं लिहिलं, आता जी दोन उरलीत त्यांनी केलेलंही माझं नाही म्हणून लिहू? मग माझं म्हणून काय राहिलं हो? नाही, तुम्ही नका समजावू. तुम्ही भलं बघताय, पण हे तुम्हाला नाही समजावता येणार. सरकवा तो फॉर्म इकडं. शेरा लिहायची जागा कुठली — ही? कामगारानंच लिहायचं आहे ना इथं? मग लिहिते.

ऐका, वाचून दाखवते. हे मी वाजवलं आहे. माझ्या डाव्या हाताला दोन बोटं कमी आहेत. ती गेली त्या दिवशी मशीनची जाळी काढून ठेवलेली होती, आणि ती मी काढलेली नव्हती. आधीचा कागद माझ्याकडून खोटा लिहून घेतला आहे. ही सही, ही तारीख. शुद्धलेखन तुम्ही बघून घ्या, मजकुराला हात लावायचा नाही. थांबा, फोटो काढून घेते, एवढं शिकलेय आता.

कामावरून काढतील? काढू देत. मला काय वाटतं ते त्यांनी सोळा वर्षांत एकदा विचारलं नाही, आता न विचारताच कळेल. सोमवारी मी स्टोअरमध्येच येणार. तिथनं मशीनकडे पाठवलं तर दाराशी बसेन, पण त्याच्यासमोर उभी राहणार नाही — जाळी लावली तरी नाही. हेही लिहा, तुमच्या अक्षरात. आणि तोंड नका पाडू हो असं, कागद तुम्ही नेलात एवढंच, लिहिणारी मी आहे. या आता. जिना अंधारा आहे, कठड्याला धरून उतरा, आणि जाताना दार ओढून घ्या. काय म्हणालात? नाही, ते आता मला ऐकू यायचं नाही साहेब, मी हेडफोन लावलाय.